कुकडीकाठी पाट्या हव्यात का?

भाचीचं म्हणणं असं, की नाणेघाटापासून निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत कुकडी नदीच्या काठानं पायी जायला एक आखलेली वाट असावी. फाट्यावर दगडाला रंगाचा पट्टा, मोक्याच्या जागी पाटी, गावात मुक्कामाला घर. सरकारनं जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर केलंच आहे, तर त्यातलं काहीतरी पायाखाली दिसावं. मामा हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "काठ कुठाय, तेवढं आधी दाखव."

भाची कल्याणची. नोकरी ठाण्याला, शनिवार-रविवार डोंगरात. मामा जुन्नरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. लेण्यांमधले शिलालेख वाचायचा नाद त्यांना नोकरीत असतानाच लागला आणि अजून सुटलेला नाही. टेबलाच्या काचेखाली नातवंडांच्या फोटोशेजारी ब्राह्मी मुळाक्षरांचा तक्ता आहे. दोघांचा हा वाद जुना. लग्नकार्यात भेटले तरी पंगत बसेपर्यंत चालतो.

कुकडी काही मोठी नदी नव्हे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यालगत तिचं पाणी गोळा होतं. पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ हे तिचं मानलेलं उगमस्थान. तिथून चावंड किल्ल्याच्या बाजूनं ती माणिकडोह धरणात येते, जुन्नरवरून पुढे ओझरच्या विघ्नहराला वळसा घालून येडगावच्या जलाशयात शिरते, मग बोरी, मग निघोज, आणि शेवटी घोड नदी. घोडेचं पाणी भीमेला मिळतं. एवढ्याशा प्रवाहाच्या आसपास सातवाहनांचा घाट आहे, दोनशेहून अधिक खोदीव लेणी आहेत, अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत, १६३० साली शिवाजी महाराज जिथे जन्मले तो शिवनेरी आहे, आणि पूर्वेकडे गेलं की खोडदच्या माळावर महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तबकड्याही आहेत. महाराष्ट्रात इतकं काही एका खोऱ्यात दाटलेलं फार ठिकाणी सापडत नाही. त्यामुळे वाट असावी असं कुणाला वाटलं तर नवल नाही. वाद ती कशी असावी याचा आहे, आणि खरं तर ती वाट आहे कुणाची, याचा.

भाचीची वाट घाटाखालून, वैशाखऱ्यापासून सुरू होते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एसटीनं उतरायचं, समोर नानाचा अंगठा उभा असतोच, त्याच्या रोखानं रानात शिरायचं. दोन-तीन तासांची चढण. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात, कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात, आणि घाटाच्या तोंडाशी ते प्रसिद्ध लेणं.

"हे तीन तास कशाला घालवायचे?" मामा म्हणतात. "जुन्नरहून थेट वरपर्यंत डांबरी आहे. गाडी लाव, खिंडीतून पाच-दहा मिनिटं खाली उतर, पोचलीस. वाचलेले तीन तास भिंतीपुढे बसून काढ. चढून दमलेलं माणूस लेख वाचत नाही, डबा उघडतं."

भिंतीपुढे तीन तास काढण्यासारखं तिथे खरंच आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून वीस ओळींचा लेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला तो मानतात, काही अभ्यासक थोडा मागेपुढे सरकवतात. तो सातवाहन राणी नागनिकेचा. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून सुरुवात होते आणि मग यज्ञांची व दक्षिणेची यादी लागते. अश्वमेध, राजसूय, गवामयन. गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी. मामांचा जीव अडकतो तो या यादीतल्या आकड्यांत. १७ आहे, २८९ आहे, १,७०० आहे, २४,४०० आहे. शून्य मात्र नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगळं चिन्ह. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं. ती जोडणी बोटानं हवेत गिरवून दाखवल्याशिवाय मामा कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. "हा हिशेब आहे बरं का," ते म्हणतात, "देवाधर्माचा असला तरी हिशेबच. मोजमाप पुस्तिका लिहिणाऱ्याला असा हात लगेच ओळखू येतो."

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर नावं मात्र आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. राणीच्या नावासोबत तिच्या बापाचंही नाव तिथे कोरलेलं आहे, कारण हा महारठी तिचा बाप असं बहुतेक अभ्यासक मानतात. माहेरचा असा मान कातळावर फार कमी जणींना मिळाला असेल.

"वाचलंय मी ते सगळं," भाची म्हणते. "पण मामा, गाडीनं वरून उतरलं की त्या लेण्यात मागच्या दारानं शिरल्यासारखं होतं. ते तोंड कोकणाकडे करून का बसलंय? आत भिंतीलगत ओटे का आहेत? घामानं निथळलेलं माणूस सावलीत टेकतं, टाक्यातलं पाणी पितं, आणि मग त्याची नजर भिंतीवर जाते. राणीनं लेख जुन्नरच्या चौकात लावला नाही, चढण संपते तिथे लावला. माणसं थांबणार कुठे, हे तिला ठाऊक होतं."

इथे पारडं भाचीकडे झुकतं, हे मान्य करायला हवं. आणि एक जुना दाखला तिच्या बाजूनं आहे. विल्यम साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीतला लष्करी अधिकारी १८२८ च्या उन्हाळ्यात या डोंगरांतून पायी हिंडत असताना त्याला हे लेणं दिसलं. जुन्नरच्या लेण्यांमधल्या लेखांवरचा त्याचा लेख १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा पंडितांनी वाचन पुढे नेलं.

मामांना हा दाखला पटत नाही. "साइक्सनं पाहिलं, वाचलं मात्र बसून काम करणाऱ्यांनी," ते म्हणतात.

घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात, त्यावर दोघांचं एकमत आहे: फोटो काढावा आणि पुढे व्हावं.

नाणेघाटावरून पूरला जाताना जीवधन मागे पडतो. भातखाचरं, नाचणी-वरईचे उतार, हिरड्याची झाडं. हा सगळा महादेव कोळी समाजाचा मुलूख. हिरडा गोळा करून विकणं हे इथल्या घरांचं रोख पैशाचं मोठं साधन. कुकडेश्वराचं देऊळ काळ्या दगडातलं, कोरीव. शिलाहार राजा झंझ यानं नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली आणि त्यांतलं हे एक, असं सांगतात. भाचीचा काठ इथून सुरू होतो आणि तिचा उत्साहही. ओढ्याएवढी कुकडी, दोन्ही बाजूंना खाचरं, बांधावरून पायवाट, वर चावंडचा कातळ.

"चाल, चाल," मामा म्हणतात. "थोडंच चालशील. पुढे धरण आहे."

माणिकडोह धरण १९८४ सालचं. साठा दहा टीएमसीच्या आसपास. चावंडच्या कड्यावरून पाहिलं तर दरीभर पाणी दिसतं, डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरलेलं. भाचीला नकाशावर जी निळी रेघ हवी असते ती इथे मैलोगणती रुंद होते, आणि जुना काठ कुठे होता ते सांगायला गावातलं म्हातारं माणूसच लागतं. जलाशयाच्या कडेकडेनं जायचं तर प्रत्येक ओहोळापाशी आत वळावं लागतं; समोर हाकेच्या अंतरावर दिसणारा किनारा गाठायला तास जातो. पावसाळ्यानंतर हा काठ वर असतो, मेमध्ये कितीतरी खाली. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. म्हणजे नोव्हेंबरात जिथून चालत गेलात तिथून मे महिन्यात खाली पाहिलं तर मधल्या उतारावर पीक उभं. अशा काठाला रंगाचा पट्टा कुठे मारणार, हा मामांचा प्रश्न चेष्टेचा नाही.

"तुझा काठ आम्ही बुडवला," ते सांगतात, आणि त्यात खंत शोधूनही सापडत नाही. "आणि त्याच पाण्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत शेतं भिजली. येडगावपासून डावा कालवा निघतो. त्याच्या कडेनं चाल की. सेवारस्ता आहे, सपाट आहे, सावली आहे, आणि तोही पाण्याचाच काठ."

"कालवा म्हणजे नदी नव्हे, मामा."

"श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला विचार."

"आणि वरच्या गावांना विचारलंत तर? ज्यांच्या डोळ्यासमोर पाणी साठतं आणि उन्हाळ्यात उतरून जातं? बुडीत बंधारे बांधून द्या म्हणून तीच गावं मागत आलीत ना?"

बुडीत बंधारे म्हणजे जलाशयाच्या पोटातच, वरच्या अंगाला बांधायचे बंधारे. धरण भरलं की ते पाण्याखाली जातात, धरण उतरलं की त्यांच्यामागे थोडं पाणी अडून राहतं आणि काठच्या आदिवासी गावांना उन्हाळ्यात उपयोगी पडतं. मामा यावर लांबलचक तांत्रिक उत्तर देतात: मंजुरी, साठ्यातली घट, गाळ. उत्तर चुकीचं नसतं. पण ते देताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वर जातो, आणि भाचीला तेवढं पुरतं. ती म्हणते, गाडीनं चावंडला जाऊन परत येणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. पायी जाणाऱ्याला पाणी मागावं लागतं, आणि पाणी मागितलं की पाण्याची गोष्ट निघतेच.

मामांचं पुढचं अस्त्र ऐतिहासिक आहे आणि ते चांगलं धारदार आहे. सातवाहनांच्या काळातला व्यापारी नदीकाठानं चालतच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. काठाला गाळ, बाभळी, दर फर्लांगाला उतरायला एक ओढा. लमाणी बैल तिथून कोण नेईल? वाट डोंगराच्या पायथ्यानं, कोरड्या मुरमावरून जाणार. आणि लेणी पाहा: पाडळीजवळची तुळजा लेणी डोंगरात, शिवनेरीची डोंगरात, मानमोडीची डोंगरात, लेण्याद्री नदीच्या उत्तरेला डोंगरात. नदी मधून वाहते आणि लेणी तिच्याकडे दुरून पाहतात. "प्राचीन वाट हवी ना तुला? मग नदी सोड आणि डोंगराची कड धर. नदीकाठची वाट ही साहेबांच्या देशातली कल्पना."

साहेबांच्या देशाचा विषय निघाला की भाचीकडे माहिती तयार असते. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या उगमापासून लंडनपर्यंत आखलेली पायवाट १९९६ साली खुली झाली, जवळजवळ तीनशे किलोमीटरची. ती शेतांतून, लोकांच्या कुरणांतून जाते, कारण तिथे पायवाटेवरून जाण्याचा हक्क कायद्यात नोंदलेला आहे. मामा म्हणतात, आपल्याकडे त्याहून जुनी वाट आहे. नर्मदा परिक्रमेला कुठे पाट्या होत्या? धरणं झाली, काठ बुडाला, परिक्रमावासी आत वळून गावातून जायला लागले. विचारत जातात, गावकरी शिधा देतात. वाट माणसांच्या तोंडी आहे, म्हणून बुडाली नाही.

"परिक्रमावाशाला गाव शिधा देतं, कारण त्याच्यापाठी श्रद्धा आहे," भाची म्हणते. "माझ्यापाठी रकसॅक आहे. मला बघून कुत्री सोडतात."

डोंगराच्या कडेचा मुद्दा मात्र तिनं मनावर घेतलाय. तुळजा लेण्यांचं गोल चैत्यगृह, मधला स्तूप आणि भोवतीचे बारा खांब पाहायचे तर काठ सोडावाच लागतो. आणि लेण्याद्रीला तिला मामांच्याच पोतडीतून एक गोष्ट मिळाली आहे, जी ती आता त्यांच्यावरच उलटवते.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास. बहुतेक लोक चढतात ते गिरिजात्मजाच्या दर्शनाला. तो गणपती बसलाय ते सातवं लेणं म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार: मोठं दालन, मध्ये एकही खांब नाही, कडेनं कोठड्या. दर्शन घेऊन माणसं माघारी वळतात. शेजारचं सहावं लेणं, चैत्यगृह, तिथे फार थोडे थांबतात. त्याच्या तोंडाशी वर एक ओळ कोरलेली आहे: हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. हेरणिक म्हणजे सोनार किंवा नाण्यांचा व्यवहार पाहणारा.

"कल्याणचा," भाची बोट नाचवत म्हणते. "आमच्या गावचा. त्यानं पैसे दिले म्हणजे तो किंवा त्याचा माणूस वैशाखऱ्यावरून, नाणेघाट चढून, कुकडीच्या खोऱ्यातूनच आला. माझ्याच वाटेनं. घाट, लेणी, बाजारपेठ हे सगळं त्याच्यासाठी एकाच फेरीतलं होतं. तुम्ही गाडीनं एकेक ठिकाण उचलून आणता, लेण्याद्री एका रविवारी, नाणेघाट दुसऱ्या पावसाळ्यात, आणि मग लोकांना वाटतं की लेणी जंगलात तपश्चर्येला खोदली. रस्त्यावरची गिऱ्हाइकं होती म्हणून खोदली!"

मामांना हे आवडतं, पण ते तसं म्हणत नाहीत. ते भर घालतात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद अशा नावांचे यवन दाते आहेत. कुणी पोढी दिली, म्हणजे पाण्याचं टाकं. कुणी भिक्षूंना भोजनमंडप दिला. मानमोडीत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानंही वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याची नोंद आहे. "बघ," ते म्हणतात, "यवन काय, अमात्य काय, पाणीच दिलं. पाटी कुणी दिली नाही."

पण जुन्नरच्या पुढे, सपाटीवर, वादाचा सूर बदलतो. इथून कुकडीच्या दोन्ही काठांना ऊस आहे, द्राक्षबागा आहेत, टोमॅटोचे मांडव आहेत. ओझरपाशी घाट आहे, तिथे काठ सर्वांचा. त्याच्या पुढे काठ म्हणजे कुणाचा तरी सातबारा. नदीला लागून विहिरी आणि मोटारी, पाइपांची जाळी, झटका मशीनच्या तारा. एखाद्या शेताच्या टोकाला पोचलं की बांध संपतो, खाली दोन पुरुष उंचीची दरड आणि नदी; समोर उसाची भिंत. तिथून मागे फिरणं एवढाच मार्ग.

उसात बिबट्या असतो. ही जुन्नरमध्ये गप्पांत सांगायची भीती नव्हे. इथल्या माणसांच्या दिनक्रमाचा भाग आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. ऊसतोडीत बछडे सापडतात, वनखातं ते पुन्हा आईपाशी पोचतील अशी सोय करतं. सांजेला पाणी धरायला जाणारा माणूस मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावतो, हातात काठी आणि बॅटरी घेतो, शेतात वाकून काम करायचं टाळतो. "तुझा रंगाचा पट्टा बघून मुंबईची पोरं सात वाजता त्या बांधावरून जातील," मामा म्हणतात, "आणि उद्या काही झालं की रात्रीची वीज मिळते म्हणून मोटार चालू करायला निघालेल्या आमच्या शेतकऱ्यालाच लोक बोल लावणार. शिवाय पाटी लागली की गाडी येते. पावसाळ्यात नाणेघाटावर उलटा धबधबा बघायला किती येतात? त्यातले किती लेण्यात जातात?"

या प्रश्नाला भाचीकडे उत्तर नाही. शनिवारच्या गर्दीत ती स्वतः नाणेघाटाकडे जाणाऱ्या घाटघरच्या रस्त्यावर अडकलेली आहे.

तिचं उत्तर दुसऱ्या बाजूनं येतं, आणि या सगळ्या वादातलं तेच सर्वांत वजनदार आहे. न आखलेली वाट टिकत नाही, असं ती म्हणते. पाणंदी पाहा. गावनकाशावर गाडीरस्ता आहे, पायवाट आहे, शिवरस्ता आहे. प्रत्यक्षात जाऊन पाहिलं तर तिथे ऊस. दर नांगरटीला एक तास इकडून, एक तिकडून. कुणी एकदम वाट खात नाही, त्यामुळे भांडणही एकदम होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बैलगाडीची वाट सायकलची होते, सायकलची पायाची, आणि मग आतल्या शेताचा ऊस बाहेर काढायला ट्रॅक्टर जात नाही म्हणून तहसील कचेरीत चकरा सुरू. "माझी वाट सोडा," ती म्हणते, "तुमच्या शेतकऱ्याची वाट कोण राखतंय?"

मामांना कायदा पाठ आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६; कलम ५ खाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करून देऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. "पण तो शेतात जाणाऱ्याला," ते लगेच जोडतात, "हिंडायला जाणाऱ्याला नाही."

"मग शेतात जाणाऱ्यासाठीच आखा. पाणंद मोजून घ्या, दगड पुरा, मुरूम टाका. शेतकरी ट्रॅक्टर नेईल, पोरं शाळेला जातील, आणि कडेनं मी जाईन. मला वेगळी वाट नकोच."

मामा बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "मोजणीचे पैसे कोण भरणार?" ज्यांनी सरकारी नोकरीतल्या माणसाशी वाद घातला आहे त्यांना कळेल की ही जवळजवळ संमती आहे.

तरीही दोघांचं जुळलं असं म्हणता येत नाही. पाणंद मोकळी व्हावी यावर एकमत. तिच्या तोंडाशी 'कुकडीवाट' असं लिहावं की नाही, यावर नाही. भाचीला नाव हवं आहे, कारण नावाशिवाय ग्रामपंचायत ठराव करणार नाही आणि मुक्कामाची घरं उभी राहणार नाहीत. मामांना नाव नको, कारण नाव आलं की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की सिमेंटची कमान आणि पेव्हर ब्लॉक. दोघांचीही भीती जुन्नर तालुक्यात कुठेही तपासून पाहता येते. लिहिणाऱ्याला विचाराल तर पाणंद आधी, नाव मागाहून. पण ठराव नावानं होतात, पाणंदीनं नाही, हेही खरं.

निघोजवर त्यांचं भांडण होतच नाही. कुंडमाऊलीपाशी कुकडीच्या पात्रातल्या बेसॉल्टला पाण्यानं आणि भोवऱ्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी रांजणाएवढी भोकं पाडली आहेत; ते पाहायला कसंही जावं, पण पाण्याला जोर असताना कडेला उभं राहू नये. खरी चुरस त्याच्या आधी, बोरीला आहे.

बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पांढुरका, हातात घेतला तर पिठासारखा हलका. दख्खनचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच शांत झालेले, मग नदीच्या गाळात ही राख आली कुठून? डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ती प्रकाशात आणली. तिच्याखालच्या थरात अश्मयुगीन दगडी हत्यारंही मिळाली, आणि म्हणून राखेचं वय फार महत्त्वाचं. एका मापनात ते सुमारे १४ लाख वर्षं आलं, दुसऱ्यात पावणेसात लाखांच्या आसपास. राखेच्या रासायनिक घडणीवरून काही शास्त्रज्ञांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे अवघ्या ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. इथल्या माणसाचं वय कितीनं हलतं याचा अंदाज या आकड्यांतल्या फरकावरून येतो. जागेवर मात्र नदी, दरड, ऊस आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज.

"इथे तरी पाटी हवी की नको?" भाची विचारते. "लोक पायाखाली तुडवतील नाहीतर."

"हवी," मामा म्हणतात, आणि भाची जिंकल्यासारखं बघते. "पण वर काय लिहिणार? १४ लाख की ७५ हजार?"

"दोन्ही. आणि वाद चालू आहे असंही."

"दोन आकड्यांची पाटी मंजूर होत नाही, बाई. मी तेहतीस वर्षं फाइली पाहिल्यात."

"मग नुसता रंगाचा पट्टा. त्याला मंजुरी लागत नाही."

"आणि तो पट्टा," मामा चष्मा पुसत विचारतात, "उसाच्या या बाजूनं जाणार की त्या?"